नाक खाली

सोलापूरच्या बसस्थानकावर शेजारच्या बाकावर एक बाई लेकीची उजळणी घेत होत्या. लेक वैमानिकाच्या परीक्षेला दुसऱ्यांदा पुण्याला निघाली होती. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे बाई नुसतं चित्रावर बोट ठेवत आणि लेक मराठीत सांगे.

बाईंनी तळहात विमानासारखा धरून बोटं वर उचलली. "नाक लई वर गेलं तर?"

"पंखावरची हवा सुटते. विमान पडायला लागतं."

"मग?"

"नाक खाली करायचं. वेग आला की सावरतं." लेकीनं पुस्तक मिटलं. "आई, परत नापास झाले तर?"

"मागल्या खेपेला नाक खाली घालूनच आलीस की. सावरलीस न्हवं?"

लेक हसली. गाडी सुटली, तेव्हा बाईंनी निरोपाचा हात हलवला नाही. तळहात आडवा, सरळ धरून ठेवला.