कमजोरीची बाटली

जगात निरोगी माणूस म्हणून कोणी नसतोच, तपासायचे राहून गेलेले लोक तेवढे असतात, असे आमच्या भाऊजींचे ठाम मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सानगडीचे डॉक्टर. बाजाराच्या दिवशी मी एकोडीहून येतो, ताईच्या हातचे पोटभर जेवतो आणि दुपारभर दवाखान्यात बसून त्यांची टिंगल करतो. साळ्याचा तो हक्कच आहे. एकदा बाभळीचा काटा मोडला म्हणून पाय पुढे केला, तर त्यांनी आधी ईसीजी काढला.

"भाऊजी, काटा पायात रुतला हो!"

"मालूम आहे मले. पण उद्या तुले काही झालं, त तुही बहीण मले घरात घेईन का?"

ईसीजी अगदी चांगला निघाला. भाऊजींचा चेहरा जरा पडला. काटा शेवटी ताईनेच सुईने काढला.

पण त्यांचे खरे दैवत सलाईनची बाटली. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत दवाखान्यातल्या चारही खाटांवर चिखलाच्या पायांच्या बाया आणि प्रत्येकीच्या उशाशी बाटली. कोणालाही काय झाले विचारा, भाऊजींचे उत्तर एकच, "कमजोरी." एकदा माझ्या टोमण्यांना कंटाळून त्यांनी एका बाईला खरे ते सांगून टाकले, "तुले काही नाही झालं. घरी जाय, दोन दिवस आराम कर."

बाई रडकुंडीला आली. "डॉक्टरसाहेब, बिना बाटलीचं घरी कोण पडू देते मले? बाटल लावली का सासूबी म्हणते, बिमार आहे, झोपू द्या."

भाऊजींनी मुकाट्याने बाटली लावली आणि थेंब इतके सावकाश सोडले, की बाई संध्याकाळपर्यंत घोरत होती.

"धंदा बरा आहे तुमचा!" मी म्हणालो.

"आहेच. मी नाही लावली, त ते दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. तो दोन लावते."

यंदा रोवण्यात गेलो, तर स्वयंपाकघर थंडगार. दवाखान्यात डोकावलो. शेवटच्या खाटेवर ताई, हाताला सलाईन.

"काय झालं हो ताईले?"

"काही नाही झालं," भाऊजी हळूच म्हणाले. "सारं तपासलं मी. तिनंच मांगतली."

इतकी वर्षे तिच्या हातचे जेवून हसत बसलो होतो, त्याची मला लाज वाटली. आवाजाने ताई जागी झाली, उठू लागली. "आला का रे? जेवाचं आहे न तुले?"

"पडून राय," मी म्हणालो. भाऊजींनी थेंब आणखी सावकाश केले.

आम्ही दोघे भात टाकायला घरात गेलो. तांदळाचा डबा कुठे असतो, मी त्यांना विचारले. त्यांनाही माहीत नव्हते.