नियम आला आणि काम माळावर गेलं

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत मी आणि माझी थोरली जाऊ संडास धुवायचं ॲसिड बाटल्यांत भरायचो. कारखाना लहान. आम्ही सगळ्या आसपासच्या गावांतल्या बायका. वाफेने घसा धरायचा, साड्यांना भोकं पडायची. पण भिंतीत पंखे होते आणि दारापाशी नळ होता. अंगावर थेंब उडाला की पळत जाऊन नळाखाली हात धरायचा, एवढंच आमचं सुरक्षेचं शिक्षण.

मग सरकारचे नियम बदलले. तपासणीला एक मॅडम आल्या, तरुण आणि कळकळीच्या. त्यांनी आमचे हात उलटसुलट करून पाहिले आणि शेठला आमच्यादेखत सुनावलं, "हाताने भरणं आता बंद. मशीन लावा, नाहीतर परवाना रद्द." त्या दिवशी घरी येताना जाऊ म्हणाली, "कुनीतरी आपलं हात बगितलं गं." तिला खरंच भरून आलं होतं.

मशीन आलं नाही. शेठने कारखान्यात नुसतं गोदाम ठेवलं, भिंतींना रंग दिला, आणि भरायचं काम आमच्याच गावाच्या माळावर, बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये नेलं. वर आम्हाला म्हणाला, "बरं झालं की, घराजवळ काम आलं." तिथे पंखा नव्हता. नळही नव्हता. कोपऱ्यात पाण्याची एक टाकी, टँकर येईल तेव्हा भरायची.

उन्हाळ्यात एका दुपारी कॅनचं झाकण उघडताना जाऊच्या डोळ्यात ॲसिड उडालं. ती किंचाळली तशी मी टाकीकडे धावले. तळाला नुसता गाळ. आमच्या प्यायच्या बाटल्या तिच्या तोंडावर रिकाम्या केल्या, तिला धरून पलीकडच्या बोअरवर नेलं, तर लाईट नव्हती. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लगेच भरपूर पाण्याने धुतला असता तर डोळा वाचला असता." शेठचा माणूस आमच्या शेजारीच उभा होता. कुठे झालं, असं विचारल्यावर जाऊच बोलली, "घरी. मोरी धुताना."

मला राग आवरेना. मी मॅडमना जाऊन गाठलं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो कारखाना आता नियमात बसतो. शेडची तर कुठे नोंदच नाही. पण तुमच्या जाऊबाईंनी तक्रार दिली, तर मी स्वतः येऊन ते बंद करीन." त्यांनी केलंही असतं.

मी जाऊला सांगितलं. डोळ्यावरची पट्टी सावरत ती म्हणाली, "मागं बंद केलं तवा हितं आनलं. आता बंद केल्यावर कुठं नेतील? तितं टाकी तरी आसंल का?"

तक्रार झाली नाही. मी ते काम सोडलं आणि कांदा निवडायला जाऊ लागले. परवा सुप्याला गेले, तर कारखान्याच्या फाटकावर सुरक्षिततेचं बक्षीस मिळाल्याचा फ्लेक्स लावलेला. फोटोत शेठच्या शेजारी मॅडम उभ्या आहेत, हसत नाहीत.

जाऊ अजून शेडवर जाते. एका डोळ्याच्या बाईला दुसरीकडे काम कोण देणार? ती दाराजवळ बसून भरलेल्या बाटल्यांना लेबलं चिकटवते. आत ॲसिड भरायला तिच्या जागी आता तिची सून बसते.