विमलताईंच्या नावाचा लिलाव

विमलताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, मीनलनं, सकाळी फोनवर सांगितलं. हृदयाचं दुखणं जुनं होतं, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. पडेगावच्या त्यांच्या घरी गेले, आल्यागेल्याला चहा दिला, संध्याकाळी घरी परतले आणि मग रडले. पण हा लेख मी लिहायला घेतला तो त्यानंतर आलेल्या संतापामुळे. तेरावं होऊन थोडेच दिवस झाले असतील, माझ्या मोबाइलवर एक चित्र आलं. त्यात विमलताईंचा हसरा फोटो, शेजारी समई आणि खाली, ‘नाणेसंग्रहाच्या क्षेत्रातील दीपस्तंभ, आमच्या मार्गदर्शक विमलताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली’... त्याच्याही खाली, आणखी ठळक अक्षरांत : ‘विमलताई संग्रह. दुर्मीळ ब्रिटिश चांदीची नाणी. लवकरच लिलावात.’ पाठवणारी होती पुण्यातली एक लिलावसंस्था. याच संस्थेनं विमलताईंना आयुष्यातली शेवटची सहा-सात वर्षं आपल्या दारातही उभं केलं नव्हतं.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत होतो. त्या इंग्रजी शिकवायच्या, मी विज्ञान. त्या माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या, माहेर पैठणकडच्या शेतकरी घरातलं. निजामाच्या राज्यात इंग्रजांच्या रुपयाला कलदार म्हणायचे आणि निजामाच्या स्वतःच्या हाली शिक्का नाण्यापेक्षा त्याचा भाव जास्त असायचा. त्यांच्या आजीच्या गळ्यात अशा कलदारांची माळ होती. त्या माळेत एक नाणं वेगळं होतं, थोडं मोठं, व्हिक्टोरिया राणीचंच, पण विलायतेत चालणारं. पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या कुणा चुलत आजोबांनी ते आणलं होतं. विमलताईंचा नाद तिथून सुरू झाला. वाळूजच्या कारखान्यांतले ओळखीचे इंजिनिअर कामासाठी इंग्लंडला निघाले की बाकीच्या बायका चॉकलेटं सांगायच्या. विमलताई एखादा जुना शिलिंग सांगायच्या, आणि सालही सांगायच्या. तो माणूस रिकाम्या हातानं परत आला तर त्याला चहाही बेताचाच मिळायचा.

नाणं ओळखायला त्यांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. झीज कुठं बघायची तर राणीच्या गालावर आणि केसांच्या बटांवर. काळवंडलेली चांदी घासायची नाही, कारण तो काळेपणा म्हणजे नाण्याचं वय, आणि ते पुसलं की लिलावात किंमत निम्म्यावर येते. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी लोक चिंच लावून, टूथपेस्ट लावून नाणी लखलखीत करतात, त्यावर त्या अख्खा तास रागावू शकत. एकदा मी त्यांच्यासोबत सराफ्यात गेले होते. दुकानदारानं कुणा गिऱ्हाइकाची जुनी नाणी सरळ काट्यावर टाकली. विमलताई त्याला शांतपणे म्हणाल्या, “वजनावर वांगी घेतात, भाऊ. नाणी नाय.” त्यानं हसून नाणी भट्टीच्या डब्यात सरकवली.

त्यांच्याकडे लोक नाणी दाखवायला यायचे. त्यातच एकदा हर्सूलच्या कौसल्याबाई आल्या. बाबासाहेबांच्या मागं बुद्धाच्या वाटेला लागलेलं घर, सासरे फौजेत होते. नातीला नर्सिंगला घालायचं होतं आणि सासऱ्यांनी ठेवलेली काही नाणी विकायची होती. त्यात एक मोठं, जडसर नाणं निघालं. राणीच्या डोक्यावर मुकुट, पाठीवर वेणी, भोवती जुन्या चर्चच्या पाटीवर असावीत तशी अणकुचीदार अक्षरं. असल्या नाण्याला गॉथिक क्राउन म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. विमलताईंनी भिंग खाली ठेवलं आणि नाणं फार दुर्मीळ असल्याचं कौसल्याबाईंना सांगितलं. घाईनं कुणाला देऊ नका, लिलावात घाला, असा सल्ला त्यांनी दिला आणि पुण्याच्या त्या संस्थेचं नावही त्यांनीच सुचवलं. कौसल्याबाई म्हणाल्या, “मला लई कळत नाय त्यातलं. तुमी म्हणसाल तसं.”

लिलावाची छापील यादी आली तेव्हा विमलताईंनी मला बोलावून घेतलं. त्या नाण्यापुढं लिहिलं होतं : नंतरच्या काळातील नक्कल. बोली सुरू होणार होती ती साध्या चांदीच्या भावाला. त्यांनी संस्थेला फोन केला, तर तज्ज्ञांनी तपासलंय एवढंच उत्तर मिळालं. मग लिलावाच्या दिवशी आम्ही तिघी पुण्याला गेलो. मोठं हॉटेल, थंडगार हॉल. दाराशी कौसल्याबाईंना अडवलं, नोंदणी केलेल्यांनाच आत सोडतात म्हणाले. माझं नाव विमलताईंनी आधीच नोंदवलं होतं; कौसल्याबाई मात्र बाहेरच्या बाकावर बसल्या. आत विमलताईंनी नाणं बघायला मागितलं आणि त्याची कड भिंगाखाली फिरवली. नक्कल ओतीव असते, तिच्या कडेवरची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. ही सुरीनं कोरल्यासारखी होती. तिथल्या पारखी माणसाला त्यांनी ते दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, तुमचा छंद चांगला आहे, पण हा आमचा धंदा आहे.

त्या नाण्याचा पुकारा झाला आणि विमलताई उठून उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मागं वळून म्हणाला, बसा, बोली चाललीय. त्या बसल्या नाहीत. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, “हे नाणं अस्सल आहे. ज्यांचं आहे त्या बाई बाहेर बाकावर बसल्यात, त्यांना तुम्ही आत येऊ दिलं नाही. त्यांना आत बोलवा, सगळ्यांसमोर नाणं तपासा, आणि मग बोली लावा.” मग मागच्या रांगेतले एक म्हातारे पारशी संग्राहक उठले आणि मलाही ते बघायचंय म्हणाले. त्यांच्यामागं आणखी दोघं उठले. पुकारणाऱ्यानं घाम पुसत नाणं लिलावातून काढून घेतलं. पुढच्या रांगेतला तो गृहस्थ त्या पारखी माणसाचा सख्खा मेहुणा होता, हे आम्हाला नंतर समजलं. कवडीमोलानं घ्यायचं आणि दुसऱ्या शहरात अस्सल म्हणून विकायचं, असा तो सरळ हिशेब होता.

नाणं परत मिळालं. मुंबईच्या दुसऱ्या संस्थेत ते खऱ्या नावानं विकलं गेलं आणि कौसल्याबाईंची नात नर्सिंगला गेली. पुण्याच्या संस्थेनं विमलताईंची नोंदणी रद्द केली, तेही एका ओळीत, कारण न देता. त्याहून वाईट म्हणजे बाईचा स्वभाव भांडखोर आहे, असं संग्राहकांत पसरवलं. पूर्वी ज्यांनी फुकट सल्ले घेतले, ते प्रदर्शनात भेटले तर दुसऱ्या टेबलाकडे वळू लागले. विमलताईंना बोली लावायची असली की त्या माझ्या नावानं लावत. हे सगळं त्यांनी मीनलला कधी सांगितलं नाही. लांब बंगळूरला राहते, तिच्या डोक्याला कशाला ताप, म्हणायच्या.

म्हणूनच आईच्या मृत्यूनंतर त्या पारखी माणसाचा फोन आला, मी ताईंचा शिष्य म्हणून तो गहिवरला, तेव्हा मीनल भारावून गेली आणि संग्रहाचं तुम्हीच बघा, असं बोलून बसली. कागद अजून झाला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्यासमोरच त्याला फोन लावला. तो म्हणाला, “जुने गैरसमज होते, मॅडम. आता ताईच राहिल्या नाहीत, तर राग कुणाचा धरायचा?”

मीनल म्हणाली, “आई असती तर तुम्हाला हा फोन उचलायला लाज वाटली असती. आता ती लाज मला वाटतेय. माझ्या आईचं नाव काढून टाका.”

त्यांनी लिलावाची ओळ काढली. श्रद्धांजली तशीच ठेवली. खाली लोक अजून हात जोडतात, आणि संस्था एकेकाचे आभार मानते. ज्या बाईला जिवंतपणी खुर्ची दिली नाही, तिच्या फोटोपुढं समई लावायला यांना काहीच वाटत नाही... मला मात्र लाज वाटते. हे छापून यावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

परवा पडेगावला गेले होते. संग्रह घरातच ठेवायचा आणि त्याची नीट यादी करायची, असं मीनलनं ठरवलंय. आईच्या खोलीत तिनं टेबलावर मखमलीचे कप्पे मांडले होते. आभाळ भरून आलं होतं, काही दिसेना, म्हणून मी दिवा लावायला उठले.

“मावशी, राहू दे,” ती म्हणाली. “ट्यूबलाइटमध्ये चांदी खोटं बोलते, असं आई म्हणायची. दिवसाच्याच उजेडात बघायची ती.”

तिनं खिडकीचा पडदा बाजूला केला, टेबल थोडं तिकडे ओढलं, आणि ढग सरायची वाट बघत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.