शेवटचे त्रेपन्न

धर्मराज गुरुजींशी सहा वर्षं माझं धड बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण त्रेपन्न हा आकडा.

टेंभुर्णीजवळच्या आमच्या शाळेत ते वरच्या वर्गांना गणित शिकवायचे, मी खालच्या. दुसरीच्या नव्या पुस्तकात त्रेपन्नच्या जोडीला 'पन्नास तीन' आलं आणि मला ते पटलं. त्रेपन्न म्हटलं की पोरांना तीन आधी ऐकू येतो, आणि ती पस्तीस लिहून मोकळी होतात. हे मी रोज बघत होते. गुरुजी भडकले. "अर्पिताबाई, बाजारात कोणी पन्नास तीन म्हणतं का?" मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही. भर स्टाफरूममध्ये चार शब्द ऐकवले, आणि तेव्हापासून आमचा फक्त नमस्कार उरला.

माणूस मात्र गणितात बुडालेला. आकडा तोंडानं सांगण्याआधी फळ्यावर लिहायचे, म्हणून त्यांच्या वर्गात कधी घोळ झाला नाही. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचे, "का?" पोरं त्यांना मागून 'का गुरुजी' म्हणत. पत्नी गोजरबाई गेल्या, लेक मीना संभाजीनगरला. घरी 'का' विचारायला कोणी नव्हतं.

ऑगस्टअखेर ते निवृत्त झाले. मीनानं नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला होता. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार, मागं पोरांचा गोंगाट, आणि गुरुजी आठवीतल्या एकताला नंबर लिहून देण्याऐवजी सांगत होते. शेवटचे दोन आकडे, त्रेपन्न. "गणित अडलं की फोन लावा. कवाबी." एकता सगळ्यांत हुशार, म्हणून बाकीच्यांनी तिच्याच वहीतून उतरवून घेतला. जाताना त्यांनी मलाही थांबवून नंबर दिला. मी मोबाइलमध्ये टाकला आणि विसरून गेले. विसरले कसली, लावला नाही.

दिवाळीनंतर राधेश्यामच्या मोबाइलच्या दुकानात गेले होते. तो म्हणाला, "बाई, तुमचे गुरुजी दर सोमवारी येऊन राह्यले. म्हणतात, रिंग वाजती का बघ. मी लावून दाखवतो. मंग 'बराबर हाय' म्हणतात आन् जातात."

घरी आल्यावर मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. आधी त्यांनी करावा, असं वाटलं मला. वीस वर्षांनी लहान असून.

जानेवारीत सराव पेपर आला. देशोदेशीची आठवीची मुलं गणिताची जी परीक्षा देतात, तिच्या धर्तीवरचा. आता आठवी माझ्याकडेच होती. पोरांनी गुणाकार-भागाकार झटपट उरकले, पण प्रत्येक प्रश्नाखाली 'असं का, ते लिही' म्हणून जागा सोडलेली होती. ती अठराच्या अठरा जणांनी कोरी ठेवली. माझं डोकं फिरलं. "येत नव्हतं तर गुरुजींना तरी विचारायचं! तेच तर शिकवत होते ना?"

एकता उभी राहिली. "बाई, आम्ही किती बार फोन लावल्ता. दुसराच माणूस उचलतो, राँग नंबर म्हणून वरडतो. मंग सोडून दिलं."

मी तिची वही घेतली. शेवटचे दोन आकडे होते ३५.

मग सगळ्यांच्या वह्या बघितल्या. सगळीकडे पस्तीस. आमचं सहा वर्षांचं भांडण मी जिंकले होते, आणि मला तिथंच बाकावर बसून रडावंसं वाटलं. पाच महिने तो माणूस एकटा बसून फोनकडे बघत होता.

मी माझ्या फोनवरून लावला, स्पीकर चालू केला आणि एकताच्या हातात दिला. पहिल्याच रिंगला उचलला. "हॅलो, काय अडलं?"

तिनं घोळ सांगितला. गुरुजी हसले. "पस्तीस व्हय! मला वाटलं, आता तुमचं काहीच अडत न्हाई." पुढं अर्धा तास फोन या हातातून त्या हातात फिरला. गुरुजींनी 'का?' विचारलं की वर्गभर हशा पिकत होता.

शेवटी फोन माझ्याकडे आला. मी स्पीकर बंद करून कानाला लावला.

"बाई, तुमचंच खरं निघालं," गुरुजी म्हणाले. "तुमच्याकडं पण पस्तीसच लिहिल्यालं होतं ना?"

माझ्याकडे पहिल्या दिवसापासून त्रेपन्न होतं.

"हो गुरुजी," मी म्हणाले. "पस्तीसच."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही.