बोडिलचा पहिला केक

चूक झाली की दुसऱ्या दिवशी केक आणायचा, हा एस्बियर बंदराजवळच्या त्या छोट्या धावपट्टीवरचा कायदा. वैमानिक प्रेबेन विमानाची किल्ली घरी विसरला, केक. तरणी आस्टा लाटेच्या फेसाला मार्सविन म्हणाली, केक. मार्सविन म्हणजे डॉल्फिनचं ठेंगणं भावंड. उन्हाळाभर विमानातून ते मोजायचे, हेच या दोघांचं आणि बोडिलचं काम. बोडिलने मात्र एकोणीस उन्हाळ्यांत एकदाही केक आणला नव्हता आणि हे ती कुणाला विसरूही देत नसे.

"माझ्या घरी ओव्हन आहे की नाही, तेच मला आठवत नाही," ती ऐटीत सांगे.

आज तिचं शेवटचं उड्डाण होतं. उद्यापासून निवृत्ती. एवढा एक दिवस निभावला की झालं.

डावी खिडकी बोडिलची, उजवी आस्टाची. एकीकडचं दुसरीला दिसत नाही. समुद्र अगदी शहाण्यासारखा पडून होता.

"डावीकडे एक! लहान आहे!" बोडिल माइकमध्ये ओरडली.

प्रेबेनने नियमाप्रमाणे विमान वळवून तीच रेघ पुन्हा धरली. नजरेतून किती निसटतात, ते या दुसऱ्या फेरीवरूनच कळतं.

दुसऱ्या फेरीत तिला ते नीट दिसलं. उलटा तरंगणारा काळा गमबूट!

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? मार्सविन बुडी मारतोच. पुन्हा दिसला नाही तर कोणी जाब विचारत नाही.

"दिसला का गं परत?" प्रेबेनने विचारलं.

"दिसला. नोंदीतून खोडा तो. गमबूट आहे."

आस्टा म्हणाली, "डावा की उजवा?"

प्रेबेन हसून हसून लाल झाला. "चॉकलेटचा आण! एकोणीस वर्षं उपाशी आहे मी!"

दुसऱ्या दिवशी निवृत्त बोडिल डबा घेऊन हजर झाली. केक मधोमध खचलेला, खालून करपलेला.

"आत्ता कळलं बाईसाहेब का चुकत नव्हत्या ते!" आस्टा म्हणाली. बोडिललाही हसू आवरेना.

प्रेबेनने मुकाट्याने दोन तुकडे संपवले. मग म्हणाला, "खरं सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, ही बया कधीच चुकत नाही म्हणजे कुठेतरी लपवत असणार. काल तुझे सगळे मार्सविन मला खरे वाटले."

बोडिलने करपलेली बाजू खरवडून काढली आणि त्याला तिसरा तुकडा वाढला.