साहेबांच्या लायटरचे गुडघे

परवा टेबलाचा खण आवरताना काळ्या पडलेल्या कापसाचा एक बोळा हाती लागला आणि मी एकटाच हसत सुटलो. घरच्यांना वाटलं, गेला हा माणूस कामातून! आता त्यांना काय सांगू, की मुठीत मावणाऱ्या एका वस्तूपायी आमच्या ऑफिसात काय काय घडलं? किस्से असेच साठतात. घडतात तेव्हा घाम फुटतो, आणि पुढे कधीतरी खणातून कापूस निघतो.

ऑफिस गोंदियात, तेंदूपत्त्याचं. विडीची पानं जंगलातून गोळा करून कारखान्यांना पाठवायची, हा धंदा. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. मी टायपिस्ट. दादासाहेब मॅनेजर, आवाज थेट स्टेशनपर्यंत जाणारा. विडीच्या धंद्यात राहून विडीला हात न लावता जाडजूड सिगार ओढणारा आमच्या ओळखीतला हा एकमेव माणूस! आणि त्यांच्या जीपचा ड्रायव्हर सुखराम, चिचगडचा. तो सिगार, विडी, काहीच ओढत नसे.

* * *

जीपला टप नव्हता. चालत्या जीपमध्ये काडेपेटी संपायची, सिगार पेटायची नाही. सिगार म्हणजे विडी नव्हे, तिचं तोंड सगळीकडून सावकाश शेकावं लागतं. काडी तेवढा वेळ थांबते कुठे?

शेवटी कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याने तीन लायटर आणले. तिन्हींबद्दल एकच ग्वाही, "हवा में बुझेगा नहीं!"

दादासाहेब म्हणाले, "ते हवेलाच विचारू!"

फुलचूरच्या रस्त्यावर सुखरामने जीप अशी पळवली की माझी टोपी कायमची गेली. पहिला लायटर नक्षीदार, चकचकीत. पेटला आणि लगेच विझला. दुसरा विझला नाही, पण ज्योत एवढीशी, की सिगारचा एक कोपरा तेवढा करपला. तिसरा मिलिटरीतला, पोचे पडलेला, ज्योतीभोवती भोकांचा पत्रा. ज्योत आडवी झाली, थरथरली, पण विझली नाही!

"साहेब, हाच घ्या!" सुखराम ओरडला. "दिसाले चेपलेला हाय, पण हट्टी हाय. तुमच्यावानी!"

मी दादासाहेबांकडे चोरून पाहिलं. मग दादासाहेब असे हसले की पेटलेली सिगार रस्त्यावर पडली.

* * *

लायटर मिळाला, पण पहिल्याच झुरक्याला दादासाहेबांचं तोंड वाकडं. "हे काय! जीपच्या सायलेन्सरला तोंड लावल्यासारखं वाटतंय!"

लायटर पेट्रोलचा, तर वास येणारच. पण सुखरामने दोन दिवसांत तोड काढली. लायटर पेटवायचा, जरा थांबायचं, वास उडून जाऊ द्यायचा, मग सिगार ज्योतीत न खुपसता टोकाशी धरायची. "उतावीळ कायले होता साहेब? सिगार कुठं पळून राहिली का?"

त्या दिवसापासून लायटर सुखरामच्या ताब्यात. दर सोमवारी तो उघडायचा, वातीचं जळकं टोक कापायचा, जुन्या ब्रशने काजळी काढायचा. ठिणगीचा एक जादा खडा तळाच्या कापसाखाली लपवून ठेवायचा. दादासाहेब सगळ्यांना सांगत, "माझ्या जीपला दुसरा ड्रायव्हर मिळेल. लायटरला मिळणार नाही!"

* * *

एकदा सुखराम तापाने पडला. दादासाहेब दुसरा ड्रायव्हर घेऊन देवरीला गेले. दुसऱ्या दिवशी तिकडून आलेल्या मोटारीचा कंडक्टर धावत ऑफिसात शिरला. हिंदी बोलणारा माणूस. म्हणाला, "साहब को वात की बड़ी तकलीफ है! जल्दी कुछ भेजो!"

आम्ही घाबरलो. चांगला धडधाकट माणूस, आणि एकाएकी वात? मी वैद्यबुवांकडे पळालो, सांधेदुखीवरच्या निरगुडीच्या तेलाची मोठी बाटली घेतली आणि त्याच मोटारीने परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी दादासाहेब परतले. ताडताड चालत आले आणि लायटर माझ्या टाइपरायटरवर आदळला. ऑफिसभर निरगुडीचा वास!

झालं होतं ते असं. त्यांनी निरोप दिला होता, "वातीचा त्रास होतोय." लायटरच्या वातीचा! कंडक्टरने त्याचं हिंदी केलं आणि वातीचा झाला वात. तेल आलेलं पाहून दादासाहेबांना वाटलं, सुखरामने काही नवा उपाय शोधलाय. त्यांनी ते सरळ लायटरमध्ये ओतलं!

"बाबू," ते कडाडले, "लायटरचे गुडघे एकदम बरे झालेत. फक्त पेटत नाही!"

* * *

आम्ही पोट धरून हसलो, पण सुखराम हसला नाही. त्याने नेमका त्याच आठवड्यात अर्ज दिला होता. चिचगडच्या फडावर, म्हणजे पानं विकत घेऊन वाळवतात त्या मैदानावर, राखण आणि हिशेब सांभाळणाऱ्या मुन्शीची जागा निघाली होती. त्याची बायको, पोरगी, सगळं तिथेच. दादासाहेबांनी अर्ज परत केला. "तीन दिवस तू नव्हतास तर ही गत! तू गेलास तर लायटर कोण सांभाळणार?"

सुखराम टेबलाशी उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, चार महिन्यांनी घरी गेलो होतो. पोरगी मायले सांगून राहिली, 'पावना आला.'"

मला फार वाईट वाटलं. दादासाहेबांनी अर्ज पुन्हा मागून घेतला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "ठीक आहे. हा बाबू ज्या दिवशी चालत्या जीपमध्ये एका झटक्यात माझी सिगार पेटवील, त्या दिवशी तू फडावर."



* * *

सुखरामने मला शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी मी पेट्रोल काठोकाठ भरलं आणि लायटर खिशात टाकला. पाच मिनिटांत मांडी अशी चुरचुरायला लागली की मी ऑफिसात नाचलो.

"बाबू, कापूस ओला करा लागते," सुखराम म्हणाला. "त्याले आंघोळ कायले घालता?"

दुसरा धडा मुर्री गावातल्या खानावळीत, जेवणाची वाट पाहताना. खड्यामागची स्प्रिंग माझ्या हातून सुटली आणि खडा उडाला! शोधतोय तोच शेजारच्या पंगतीतला एक माणूस ओरडला, "भातात खडा!"

खानावळवाली कमरेला पदर खोचूनच बाहेर आली. तांदळाच्या गोंदियात भाताला नाव ठेवतो म्हणजे काय! "माह्या भातात खडा? दाखव!"

मी हात जोडून उभा राहिलो. "बाई, तो खडा माझा आहे."

सुखरामने खडा धुतला, पुसला, बसवला आणि चाक फिरवलं. ठिणगी उडाली! बाई दोन पावलं मागे सरकली. "बाप्पा! हे बाबू खातेत तरी काय!"

* * *

परीक्षा फुलचूरच्याच रस्त्यावर. एप्रिलचा वारा, डोळ्यांत धूळ, सुखरामचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जोरात. दादासाहेबांनी सिगार पुढे केली. मी चाक फिरवलं. पेटला! जरा थांबलो. वास उडू दिला. ज्योतीचं टोक सिगारला लावलं आणि धूर निघाला!

दादासाहेबांनी दोन झुरके घेतले. "पेटली," ते इतक्या दुःखाने म्हणाले की जणू माझी नव्हे, त्यांचीच परीक्षा होती. सुखरामने जीप थांबवली, खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून डोळे पुसत राहिला.

* * *

आणि आता शेवटचा किस्सा. मे महिना. आम्ही चिचगडच्या फडावर पोचलो. लांबच लांब ओळींनी पानांची पुडकी वाळत पडलेली, पायाखाली नुसता कुरकुर आवाज, आणि मधूनच वावटळ.

सुखराम, आता इथला मुन्शी, धावत आला. सवयीने हात पुढे करून म्हणाला, "द्या साहेब, लायटर पुसून देतो." झोपडीत गेला, चकचकीत करून आणून दिला.

सगळा फड पाहून दादासाहेब खूश झाले. सिगार तोंडात धरली आणि फडाच्या मधोमध उभं राहून चाक फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. दहा वेळा फिरवलं. ठिणगी नाही!

"सुखराम! काय झालं याला?"

"लायटर चांगला हाय साहेब. फडावर पेटत नाही."

मजूर जागच्या जागी थांबले. दादासाहेबांचा चेहरा लाल झाला. "परत गोंदियाला यायचंय का तुला?"

सुखरामने हात जोडले. "न्या साहेब. पण मी मुन्शी हाय तवर फडावर पेटणार नाही."

दादासाहेबांनी लायटर माझ्या हातात दिला. "बाबू, तू बघ."

मी उघडला. खड्याची जागा रिकामी. कापूस उचलून पाहिला, खाली जादाचा खडा जिथल्या तिथे होता. मी सुखरामकडे पाहिलं, भोवतीच्या वाळक्या पानांकडे पाहिलं आणि कापूस पुन्हा दाबून बसवला. "नाही साहेब. मलाही नाही जमत."

इतक्यात झोपडीतून एक चिमुरडी पाण्याचा लोटा सांभाळत आली. तिने दादासाहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुखरामचं धोतर ओढत विचारलं,

"बाबा, ह्या पावन्याले पाणी देऊ का?"

दादासाहेबांनी सिगार खिशात ठेवली आणि ओंजळ पुढे केली.