उलटी अक्षरं, सुलटे डोंगर

गेल्या महिन्यात गिरणीतून घरी आलो, तर दारात मल्लिनाथचा मेहुणा उभा. “दाजी गेले,” एवढंच म्हणाला. वर्गात शिकवता शिकवता तो खुर्चीत बसला, तो उठलाच नाही…

मल्लिनाथ मूळचा दुधनीचा, माझा शाळेपासूनचा मित्र. तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवी. मी गिरणीत हिशेब पाहतो. अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेचा एक उपग्रह रडार घेऊन वर गेला. त्याने टिपलेल्या डोंगराळ मुलखाचा फोटो परदेशातल्या मित्राने दोन वर्षांनी मल्लिनाथला पाठवला, आणि हा सायकल मारत थेट माझ्याकडे.

“आरं, हे बघ की! रात्र असू दे, ढग असू दे, ह्याला समदं दिसतंय. तिरक्या लहरी सोडायच्या, आपटून परत आल्या की चित्र.”

“सोलापुरात ढग कुटं हायेत?” मी म्हटलं.

“भेगा हायेत की! भेग कळली, की पाणी, खनिज कुटं शोधायचं ते कळतं.”

हे तंत्र शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला एकाच प्राध्यापकाची निवड व्हायची होती. त्यासाठी दोन साहेब त्याचं व्याख्यान ऐकायला आले. मी मागच्या बाकावर होतो. फोटोवर छापलेली अक्षरं सुलट दिसतील असा तो टेबलावर ठेवून मल्लिनाथ सांगत होता, की ही सरळ रेघ म्हणजे कठीण खडकाची उंच धार. साहेब माना डोलवत होते. रेघेवरून फिरणारं त्याचं बोट अचानक थांबलं.

“नदी डोंगराच्या माथ्यावरून चाललीय…”

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तो गप्प राहू शकला असता. त्याने फोटो उलटा फिरवला आणि मोठ्याने हसला. लहरी पोचत नाहीत तिथे फोटोत काळी सावली येते; ती आपल्या बाजूला पडली तरच डोळ्यांना उंचसखल बरोबर कळतं. पलीकडे पडली, की दऱ्यांचे डोंगर दिसतात. भरल्या वर्गात तो दुधनीच्या बोलीवर आला. “सर, आतापर्यंतचं समदं पुसा. ही धार न्हाय, दरी हाय. म्हंजे हीच भेग!”

थोरले साहेब उठून टेबलाशी आले. “पुन्हा फिरवा,” म्हणाले. मग आम्ही सगळेच वाकलो. फोटो फिरला, की डोंगर खाली जात आणि दऱ्या वर येत. निवड त्याचीच झाली. प्रशिक्षण घेऊन आल्यावर त्याने तो फोटो बैठकीत लावला, अक्षरं उलटी ठेवून. “तसबीर उलटी लागलीय,” असं पाहुणे म्हणत. “वाचायची न्हाय, बघायची हाय,” त्याचं ठरलेलं उत्तर.

परवा त्याच्या घरी गेलो, तर दिवसकार्याला आलेल्या कुणीतरी फोटो सुलट करून ठेवला होता. चहा देताना त्याच्या बायकोची, सुनंदावहिनींची नजर तिकडे गेली. “भाऊजी, डोंगर खड्ड्यात गेले की हो.”

मी स्टुलावर चढलो आणि फोटो फिरवून लावला. नदी पुन्हा दरीत उतरली.